क चे तीन तुकडे

बिटवाइज ऑपरेटर, म्हणजे आकड्यातल्या 0-1 च्या एकेका घरावर (बिटवर) काम करणारी प्रोग्रॅमिंगमधली चिन्हं, बहुतेकांना दोनदाच भेटतात: परीक्षेच्या आदल्या रात्री आणि नोकरीच्या इंटरव्ह्यूत. ‘यादीत प्रत्येक आकडा दोनदा आलाय, एकच एकटा आहे, तो शोधा.’ सगळ्यांचं एक्सऑर (^, म्हणजे दोन बिट वेगळे असतील तरच 1) घ्यायचं. जोड्या आपापसांत कटतात, एकटा उरतो. नोकरी लागते. पुढे आयुष्यभर फॉर्म, बटणं आणि रिपोर्ट. &, |, ^ यांच्याकडे ढुंकून कोण बघतंय!

मला ते आवडतात ते त्यांच्या चिकटपणामुळे. आंतरदेशीय पत्राच्या घडीवरसुद्धा चार ओळी कोंबणाऱ्या आजीसारखे ते एका बाइटात आठ हो-नाही बसवतात. युनिक्समधल्या फाइलच्या परवानग्या बघा: वाचायला 4, लिहायला 2, चालवायला 1. म्हणून 755 म्हटलं की मालकाला सगळं मोकळं, बाकीच्यांनी वाचा, चालवा, पण हात लावू नका.

आणि ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणायची सोय नाही, कारण आपलं प्रत्येक मराठी अक्षर याच यंत्रातून जातं. युनिकोड या जगभरच्या अक्षरांच्या यादीत ‘क’चा क्रमांक 2325. एका बाइटात 255 च्या वर काही मावत नाही, म्हणून यूटीएफ-8 ही हे क्रमांक बाइटांत साठवायची पद्धत त्याचे तीन तुकडे करते. 2325 बारा घरं उजवीकडे सरकवा, हाती शून्य. त्यावर | 224 (| म्हणजे दोन्हींपैकी एकात जरी 1 असला तरी 1), झाले 224. सहाच घरं सरकवा आणि & 63 करा, 36 मिळतात (& दोन्हींत 1 असेल तिथेच 1 ठेवतं); | 128 केलं की 164. न सरकवता & 63 केलं तर 21, त्याचे 149. झाला ‘क’: 224, 164, 149. रोमन लिपीतलं लहान ‘ए’ मात्र 97 या एका बाइटात आरामात बसतं. असो.

ही रचना केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी 1992 साली न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये, ताटाखालच्या कागदावर मांडली. आपल्या लिपीतलं प्रत्येक अक्षर 224 ने सुरू होतं, मग 164 किंवा 165. जुन्या सॉफ्टवेअरने हे बाइट सुटे सुटे वाचले की मराठी मजकुराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले ‘ए’ आणि चार शिंगांची वर्तुळं रांगेने उभी राहतात. तो कचरा दिसतो, पण त्यातही शिस्त आहे.

शिस्तीचा फायदा असा, की मजकुरात मध्येच कुठेही बोट ठेवलं तरी हा अक्षराचा पहिला बाइट की पुढचा, हे कळतं. (बाइट & 192) == 128 आलं, तर पुढचा. तो कंस मात्र विसरायचा नाही. सी भाषेत कंस नसेल तर == (‘समान आहे का?’) आधी सुटतं: 192 आणि 128 समान नाहीत, म्हणजे शून्य, आणि शून्याशी & केल्यावर उरणार काय! अट कधीच खरी होत नाही, कंपायलर फार तर कुरकुरतो. याचं मूळ सीच्या आधीच्या बी भाषेत आहे. तिथे && नव्हतंच, & बिट जुळवायचं आणि दोन अटींमधलं ‘आणि’, अशी दोन्ही कामं करायचं. सीमध्ये && वेगळं झालं, पण आधीचे प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून &ची क्रमातली पायरी होती तिथेच ठेवली. ती बदललेली बरी होती, असं पुढे खुद्द सी घडवणाऱ्या डेनिस रिचींनीच लिहिलं. जावास्क्रिप्टने ती खोड जशीच्या तशी उचलली, पायथनने सुधारली. पायथनमध्येही मी कंस घालतोच.