‘ॲव्हरेज किती देते?’: डेन्व्हरहून सविस्तर उत्तर

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरला ऑल-व्हील, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी सुबारू क्रॉसट्रेक चालवली, की घरून विचारतात, ‘ॲव्हरेज किती देते?’ उत्तरात ॲव्हरेजपेक्षा बाकीचा खर्चच जास्त येतो, त्याचा हा हिशेब. सुरुवात पेट्रोलपासून. डेन्व्हरच्या पेट्रोल पंपावर ‘रेग्युलर’च्या बटणावर पिवळ्या चौकोनात ८५ हा आकडा असतो. अमेरिकेत जवळपास सगळीकडे त्या जागी ८७ असतो. हा ऑक्टेनचा आकडा, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटण्याला किती विरोध करतं त्याचं माप. क्रॉसट्रेकच्या मॅन्युअलमध्ये किमान ८७ ऑक्टेन सांगितलंय. म्हणजे इथलं सगळ्यात स्वस्त पेट्रोल या गाडीसाठी नाहीच, आणि पंपावर तसं कुणी सांगत नाही. दुसऱ्या राज्यातून आलेला माणूस सवयीने रेग्युलरचं बटण दाबतो आणि निघतो.

हे ८५ उंचीमुळे आलं. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, आणि डेन्व्हर शहर सुमारे १,६०९ मीटरवर. हवा विरळ, त्यामुळे सिलिंडरमधला दाब कमी. कार्बोरेटरच्या काळात म्हणूनच कमी ऑक्टेनवरही इंजिन ठोकत नसे, म्हणजे आतलं पेट्रोल अवेळी पेटत नसे. आताची इंजिनं कॉम्प्युटर सांभाळतो. ठोका जाणवला की तो इग्निशनचं टायमिंग मागे घेतो, आणि त्याबरोबर थोडी ताकद आणि थोडं ॲव्हरेज जातं. टर्बो इंजिन तर हवा दाबून आत घेतं आणि विरळ हवेची भरपाई स्वतःच करतं, त्यामुळे उंचीची सवलत त्याला मिळतच नाही. ८५ची टाकी फुल करून पूर्वेला कॅन्ससच्या मैदानात उतरणं सगळ्यात वाईट. एक खुलासा: आपल्याकडचे ऑक्टेनचे आकडे वेगळ्या पद्धतीने मोजतात. इथलं ८७ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९१-९२.

८५ आणि ८७ मध्ये गॅलनमागे (सुमारे ३.८ लिटर) बहुतेक ३० ते ५० सेंटचा फरक असतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता घरून येणारा पहिला प्रश्न. २०२४ची क्रॉसट्रेक, २.५ लिटरचं इंजिन, चारही चाकांना कायम ताकद. ईपीएचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेचा आकडा शहरात २६, हायवेला ३३, एकत्रित २९ मैल प्रति गॅलन. आपल्या भाषेत शहरात ११, हायवेला १४, सरासरी १२.३ किलोमीटर प्रति लिटर. हे ऐकून पुण्यातला माणूस हळहळतो, कारण मारुतीच्या चार चाकांना ताकद देणाऱ्या, मॅन्युअल गिअरच्या ग्रँड विटारा ऑलग्रिपचा कागदावरचा आकडा १९.३८ होता. पण दोन्ही आकडे एका फूटपट्टीचे नाहीत. आपली चाचणी संथ चालते, वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. ईपीएच्या आकड्यात ताशी ८० मैलांपर्यंतचं वेगवान चालवणं, ९५ फॅरनहाइटमध्ये एसी आणि २० फॅरनहाइटच्या थंडीतलं स्टार्टिंग, सगळं धरलेलं असतं. शिवाय इथे इंजिन १८२ अश्वशक्तीचं आहे, तिकडे शंभरीच्या आसपास. म्हणून इथले २९ रस्त्यावर खरंच मिळतात. आपल्याकडे गाड्यांची चाचणी घेणाऱ्या, पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय संस्थेबद्दल मला आदरच आहे, पण ॲव्हरेजच्या बाबतीत ईपीएचं स्टिकर जास्त प्रामाणिक आहे, हे मान्य करायला हवं.

चार चाकांना ताकद दिल्यामुळे पेट्रोल किती जास्त लागतं, हे क्रॉसट्रेकवरून कळत नाही, कारण ती फक्त दोन चाकांना ताकद देणाऱ्या प्रकारात मिळतच नाही. २०२४ची होंडा सीआर-व्ही दोन्ही प्रकारांत मिळते: पुढच्या चाकांची एकत्रित ३०, ऑल-व्हीलची २९. फरक एका मैलाचा. वर्षाला १२,००० मैल आणि गॅलनला ३ डॉलर धरले, तर ४०० गॅलनच्या जागी ४१४ गॅलन. वर्षाचे ४२ डॉलर. आता मघाचा आकडा घ्या: ८५ऐवजी ८७ भरलं, ४० सेंटचा फरक धरला, तर वर्षाला १६५ डॉलर. ऑल-व्हील पेट्रोल पिते म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

खर्च पेट्रोलमध्ये नाही. तो टायरमध्ये आहे.

सुबारूची अट अशी, की चारही टायरच्या परिघात पाव इंचापेक्षा, म्हणजे ६.४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. खाचेच्या खोलीत मोजलं तर हा जेमतेम एक मिलिमीटर होतो. नवीन टायरची खाच १०/३२ इंच असते. समजा चारही टायर झिजून ६/३२ वर आलेत आणि खड्ड्यात एकाची बाजू फाटली. तुम्ही एकच नवा टायर टाकलात. खोलीतला फरक ४/३२, म्हणजे ३.२ मिलिमीटर, परिघात २० मिलिमीटर. हा टायर किलोमीटरला साधारण ४५० फेरे घेतो, म्हणजे झिजलेली चाकं दर किलोमीटरला नव्यापेक्षा चारेक फेरे जास्त फिरतात. पुढचा आणि मागचा आस जोडणाऱ्या क्लचच्या चकत्यांना वाटतं चाक घसरतंय, आणि सरळ कोरड्या रस्त्यावरही त्या सतत घासत राहतात. तेल तापतं, चकत्या झिजतात. पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू निघताना गाडी अडखळल्यासारखी झटके देऊ लागली, तर त्याचं कारण बहुतेकदा इथे सापडतं. तो क्लच ट्रान्समिशनच्या पोटात असतो, त्यामुळे त्याच्या दुरुस्तीपुढे चार टायर स्वस्त पडतात.

म्हणून एक टायर गेला की चार. फिटिंगसकट ७०० ते ९०० डॉलर. नवा टायर यंत्रावर तासून जुन्यांच्या मापाला आणता येतो, पण ते काम करणारी दुकानं थोडी. टायर घेतानाच रोड हॅझर्डची (खड्डा किंवा खिळ्याने झालेल्या नुकसानीची) वॉरंटी घेणं शहाणपणाचं, पण ती सहसा फाटलेल्या टायरचेच पैसे देते, उरलेल्या तिघांचे नाही, हे आधी वाचून घ्यावं.

आपल्याकडचा पंक्चरवाला चाक न उतरवता बाहेरून स्ट्रिप घालून दहा मिनिटांत वाटेला लावतो. त्या हाताची सर इथल्या कुठल्याच चकचकीत दुकानाला नाही, हे मी ठामपणे म्हणेन. इथे टायर रिमवरून उतरवतात, आतून प्लग आणि पॅच एकत्र बसवतात, तेही भोक पाव इंचापर्यंत असेल आणि टायरच्या मधल्या पट्ट्यात असेल तरच. खांद्यावर किंवा बाजूला खिळा लागला तर सरळ नकार. चिडचिड होते. पण ताशी ७५ मैलांनी भरल्या गाडीत उतार उतरताना आतून केलेल्या पॅचची किंमत कळते, तेवढं श्रेय द्यायलाच हवं.

टायरच्या या खर्चात कोलोरॅडोचा एक नियम भर घालतो. १ सप्टेंबर ते ३१ मे, डेन्व्हरहून डोंगरात जाणाऱ्या आय-७० हायवेवर मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात ऑल-व्हील गाडीच्या टायरला किमान ३/१६ इंच, म्हणजे ६/३२ खाच हवीच. एरवी २/३२ पर्यंत टायर चालतो. म्हणजे १० पासून २ पर्यंतचे आठ भाग वापरायच्या जागी चारच वापरायचे. ५०,००० मैलांचा टायर हिवाळ्यात डोंगरात जाणाऱ्यासाठी २५,०००चाच. ८०० डॉलरचा संच धरला तर वर्षाचा टायरखर्च १९२ वरून ३८४वर जातो. हा नियम पुढच्या चाकांच्या गाडीलाही आहे, तिला तर शिवाय बर्फाचे किंवा एम अँड एस (चिखल-बर्फ) शिक्क्याचे टायर हवेत, नाहीतर चाकांच्या साखळ्या. नियम मोडल्याचा दंड शंभरावर, आणि रस्ता अडवलात तर साडेसहाशेवर. टायर गोटा होईपर्यंत पळवायची आपली सवय इथे चालत नाही.

हिवाळ्यात ॲव्हरेज पडतं म्हणून कुणी घाबरू नये. ईपीएच्या मते २० फॅरनहाइटला शहरातलं ॲव्हरेज ७७ फॅरनहाइटच्या तुलनेत १५ टक्क्यांनी पडतं, तीन-चार मैलांच्या फेऱ्यांना २४ टक्क्यांपर्यंत. दर १० फॅरनहाइटमागे टायरची हवा एक पीएसआयने उतरते, आणि डेन्व्हरला एका दिवसात ४० अंशांची उडी नवलाची नाही. हवा सकाळी गार टायरमध्ये, दाराच्या स्टिकरप्रमाणे भरावी. टपावरचा मोठा सामानाचा डबा हायवेच्या वेगाला १० ते २५ टक्के खातो. स्कीचा दिवस संपला की तो उतरवा. आणि ॲव्हरेज मोजायचं तर टँक फुल ते टँक फुल, जाऊन-येऊन. आय-७०वरचा आयझेनहॉवर बोगदा ३,४०० मीटरवर आहे. चढताना स्क्रीनवर दिसणारा आकडा रडवतो, उतरताना हसवतो, आणि दोन्ही खोटे असतात.

सर्व्हिसिंग सोपं आहे. ६,००० मैल किंवा ६ महिने, जे आधी येईल तेव्हा झीरो-डब्ल्यू-ट्वेंटी सिंथेटिक ऑइल, साधारण सव्वाचार लिटर. त्याच वेळी चारही टायर पुढे-मागे फिरवून घ्यायचे, कारण झीज सारखी ठेवण्याचा दुसरा उपाय नाही. घरी ऑइल बदलणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे बोल्ट चुकणं. या गाडीखाली इंजिन, सीव्हीटी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आणि पुढचं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारी गिअरपेटी) यांचे ड्रेन बोल्ट वेगवेगळे आहेत. इंजिनचं ऑइल काळपट निघतं. वेगळ्या रंगाचं, स्वच्छ ऑइल वाहू लागलं तर लगेच बोल्ट परत लावा. दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल ३०,००० मैलांना तपासून घ्यावं; फक्त पुढच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत मागचं डिफरन्शियल नसतंच.

करात मात्र आपण एकदाच रडतो. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला ११ ते १३ टक्के एकरकमी, मग पंधरा वर्षं शांत. कोलोरॅडोत छापील किमतीच्या ८५ टक्क्यांवर पहिल्या वर्षी २.१ टक्के, दुसऱ्या वर्षी १.५, तिसऱ्या १.२, चौथ्या ०.९, मग आणखी कमी. ३०,००० डॉलरच्या गाडीला पहिल्या वर्षी ५३५ डॉलर. शिवाय गारपीट इतकी, की कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा टाळता येत नाही. बर्फावर टाकलेली खडी काचेवर उडते, आणि नवी काच बसवली की तिच्यामागे आतून बसवलेल्या कॅमेऱ्यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे पुन्हा जुळवणी, करावं लागतं. ते धरून कोटेशन मागावं.

एवढं करून ऑल-व्हील का? शहरातला बर्फ दोन दिवसांत उन्हाने वितळतो आणि पुढच्या चाकांची गाडी चांगल्या विंटर टायरवर बर्फात उत्तम थांबते. ब्रेक लावताना चार चाकांच्या ताकदीचा काही उपयोग नसतो. हे सगळं खरं आहे. तरी चढावर बर्फात उभ्या राहिलेल्या रांगेतून पुन्हा निघायचं असतं, मागे मुलं बसलेली असतात, तेव्हा वर्षाचे ४२ डॉलर आणि टायरचे जास्तीचे पैसे मला रास्त वाटतात.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात खाचेची खोली मोजणारा पाच-सात डॉलरचा डेप्थ गेज घेऊन प्रत्येक टायर तीन ठिकाणी मोजा: बाहेरची कड, मध्य, आतली कड. आतली कड जास्त झिजली असेल तर आधी अलाइनमेंट करा, टायर नंतर घ्या. ७/३२ आला तर हिवाळा पूर्ण निघणार नाही. तेव्हा टायर सप्टेंबरमध्येच बदला. पहिला बर्फ पडल्यावर दुकानात रांग लागते.