खाडी आली की चढ आला, पुणे ते पणजी किनाऱ्याने

चार महिन्यांत सिंहगड ११ वेळा चढले सायकलवर, आणि तरी दाभोळची खाडी ओलांडून धोपाव्याच्या जेट्टीवर उतरल्यावर समोरचा चढ बघून गपचूप खाली उतरले आणि चालत निघाले. माझ्यामागं आमचे काका, वय ६१, तेही चालत. म्हणाले, "अगं आपण चुकीचा अभ्यास करून आलोय, पेपर दुसराच आलाय."

हे वाक्य राईडभर डोक्यात राहिलं म्हणून हा वृत्तांत लिहितेय. या रस्त्यानं जायचं असेल तर पुढचं नीट वाचा, बाकी सूर्यास्ताचे फोटो कुठंही मिळतील.

आधी थोडक्यात काय केलं ते. आम्ही पाच जण. मी (४६, हायब्रिड सायकल, डावा गुडघा कुरकुरणारा), ऑफिसातली मैत्रीण आणि तिचा नवरा, सोसायटीतले काका, आणि २६ वर्षांचा एक पोरगा ज्याच्याकडं रोड बाईक (बारीक टायरची, वेगासाठीची सायकल) आहे आणि जो प्रत्येक चढावर पुढं जाऊन वर बसून आमची वाट बघत शेंगदाणे खायचा. पुण्याहून मुळशी, ताम्हिणी, माणगाव करत दिवेआगर, तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं पणजी. सगळं मिळून सहा दिवस. निमित्त म्हणजे मुळशीच्या पलीकडच्या एका शाळेत आठवी ते दहावीच्या मुली रोज पाच-सहा किलोमीटर चालत येतात, त्यांच्यासाठी सायकली घ्यायच्या होत्या. टार्गेट २५ सायकलींचं होतं, ३१ झाल्या.

आता ट्रेनिंग. ऑगस्टच्या शेवटी सुरू केलं, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघालो, म्हणजे १६ आठवडे. सुरवातीला शनिवारी ३० किलोमीटर, मग हळूहळू वाढवत नेलं, आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही आणि दर चौथ्या आठवड्यात ढिलं सोडायचं. हे चौथ्या आठवड्याचं ढिलं सोडणं लोक टाळतात, मीही पहिल्यांदा टाळलं आणि गुडघ्यानं दहा दिवस घरी बसवलं. नोव्हेंबरात एक २०० ची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) केली, २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते, आम्ही शेवटची २० मिनिटं शिल्लक ठेवून पोचलो. कॉन्फिडन्स एकदम वर.

आणि तिथंच फसलो. पुण्यातली माणसं घाट म्हटलं की सिंहगड, कात्रज, खंबाटकी. हे सगळे एकदाच चढायचे असतात. एक गियर पकडला, श्वास लागला, डोकं खाली घातलं की तासा-दीड तासानं वर. कोकणच्या किनाऱ्यावर असं नसतं हो. तिथं दर काही किलोमीटरला एक खाडी, खाडीशी समुद्रसपाटी, मग तिथून सड्यावर (वरच्या खडकाळ पठारावर), सडा संपला की परत खाली गावात, परत वर. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी, वाघोटण, कर्ली, तेरेखोल, शाळेत नकाशात भरलेल्या सगळ्या नद्या पायांना भेटतात. चढ लांब नसतो, एक-दीड किलोमीटर, पण उभा असतो आणि पाय गरम होईपर्यंत संपतो, उतारावर थंड होतात, मग पुढचा. तिसऱ्या दिवशी आमच्या मीटरवर ११५ किलोमीटरमध्ये १,९०० मीटर चढ दिसला, म्हणजे एका दिवसात तीन सिंहगड, पण तुकडे तुकडे करून.

त्यामुळं सराव करायचा तो याचा करा. पुण्यात बोपदेव दोनदा-तीनदा लागोपाठ, किंवा टेमघरवरून लवासाचा रस्ता. ठाण्या-मुंबईकडच्यांना येऊर आहे, वर जा, खाली या, परत वर, असं पाच वेळा, कंटाळा येईपर्यंत. आणि शनिवार-रविवार दोन्ही दिवस चालवा. एका दिवसात १५० मारण्यापेक्षा दोन दिवस ८०-८० जास्त कामाचे, कारण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सीटवर बसताना असते.

सीटवरून आठवलं. पॅडवाली शॉर्ट घ्या, चांगली घ्या, दोन घ्या, आणि तिच्या आत अंडरवेअर घालायची नसते हे मला तीन आठवडे कोणी सांगितलं नव्हतं. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन सढळ हातानं. रोज रात्री शॉर्ट धुवायची, दमट हवेत ती सकाळपर्यंत वाळत नाही, म्हणून दोन. बायकांसाठी खास: खांद्यावरून पट्टे येणारी बिब शॉर्ट घेऊ नका, कितीही भारी वाटली तरी, प्रत्येक वेळी जर्सी काढायला लागते. रस्त्यात बाथरूमची सोय जवळजवळ नाहीच. आम्ही सरळ घरांत विचारायचो, "काकू, जरा बाथरूम वापरू का?" एकाही घरानं नाही म्हटलं नाही, उलट कोकम सरबत घेतल्याशिवाय सोडेनात. यात वेळ जातो, तो धरूनच प्लॅन करा. आणि लाजून पाणी कमी पिऊ नका, मैत्रिणीनं दुसऱ्या दिवशी तेच केलं आणि केळशीच्या अलीकडं रस्त्याकडेला डोकं धरून बसली.

खाण्याचा पण सराव लागतो, हे नवीन कळलं. भूक लागल्यावर खाल्लं की उशीर झालेला असतो. दर अर्ध्या-पाऊण तासाला काहीतरी तोंडात टाकायचं, मोबाईलवर गजर लावून. बाहेरचे एनर्जी जेल-बिल आम्ही आणले होते पण तिसऱ्या दिवशी ते बघूनच मळमळायला लागलं. खरं उपयोगी पडलं ते राजगिऱ्याचा लाडू, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, केळी आणि घरून नेलेल्या गूळपोळ्या (चार दिवस मस्त टिकल्या). पाण्याच्या एका बाटलीत साधं पाणी, दुसऱ्यात ओआरएस. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरचं असतं, अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतू नका, आमच्या पोरानं ओतलं होतं. आणि दुपारी माशाचं ताट समोर आलं की मन घट्ट करा, ते रात्री खा. गुहागरला जेवून उठल्यावर पुढचे वीस किलोमीटर मी झोपेत चालवले असावेत.

सायकल कुठलीही चालते, गियर मात्र बघा. मागं ३२ किंवा ३४ दातांची कॅसेट (मागच्या चाकाची दातेरी चक्रं, त्यातलं सगळ्यात मोठं एवढ्या दातांचं) पाहिजेच, जितके दात जास्त तितका चढ हलका. पोराच्या रोड बाईकला मागं २८ होतं, शेंगदाणे खाणारा हा हिरो चौथ्या दिवशी जैतापूरच्या पुढं आमच्यासोबत चालत होता, मला काय आनंद झाला सांगू. टायर ३२ मिलिमीटर किंवा जाड, कारण मधेच रस्ता संपून जांभ्याची खडी येते. ब्रेकपॅड नवे टाकून निघा, ताम्हिणीचा उतार पहिल्याच दिवशी आहे. प्रत्येकी दोन ट्यूब, पंक्चर किट, पंप, चेनची एक जोडकडी, आणि आपल्या मॉडेलचा डिरेलर हँगर (मागचा गियर ज्यावर बसतो तो छोटा तुकडा, हा वाटेत कुठं मिळत नाही). खाऱ्या हवेनं चेन दोन दिवसांत तांबूस पडते, रोज संध्याकाळी फडक्यानं पुसून तेल. काका हे काम संध्याकाळच्या पूजेसारखं करायचे, आमच्याही सायकलींचं.

मुक्काम असे केले: दिवेआगर (पहिला दिवस, १६० च्या आसपास, लांब पण बराच उतार), हर्णे, गणपतीपुळे, देवगड, वेंगुर्ला, पणजी. दुसरा दिवस किलोमीटरला छोटा दिसतो म्हणून फसू नका, बाणकोटच्या खाडीनंतर वेळास-केळशी-आंजर्ले हा पट्टा पायांचा जीव घेतो. शेवटचा दिवस सोपा, शिरोडा, रेडी, किरणपाणीचा पूल, की गोवा. सगळ्यात सुंदर म्हणाल तर आरे-वारे, तिथं पाच मिनिटं कोणीच काही बोललं नाही, काकासुद्धा.

फेरीबोटी तीन लागतात या रस्त्यावर: बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. सायकल सहज चढते, तिकीट किरकोळ. पण आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी वेळ विचारून घ्या आणि शेवटच्या फेरीच्या भरवशावर राहू नका. आम्ही तवसाळला अंधार पडता पडता पोचलो, बोट मिळाली, पण पुढं जयगड ते गणपतीपुळे पूर्ण काळोखात, एकाचा पुढचा लाईट डिस्चार्ज, दोघांच्या उजेडात पाच जण. परत करणार नाही. सकाळी साडेसहाला निघा, ११ ते ३ मधे ऊन कडक असतं डिसेंबरात पण. फेब्रुवारीनंतर तर जाऊच नका म्हणते मी. कॅश जवळ ठेवा, रेंज गेली की यूपीआय पण गेलं, आणि नकाशा ऑफलाईन डाऊनलोड करून ठेवा.

आता पैशाचं. खरं सांगते, चढ परवडला पण हे नको. पहिले दोन आठवडे मला कोणाला मेसेज टाकायचं धाडसच होईना. टाकला तर लोक अंगठा दाखवतात, "ऑल द बेस्ट" लिहितात, पैसे देत नाहीत. मग काकांनी शिकवलं की ग्रुपवर टाकायचं नाही, एकेकाला फोन करायचा, आणि "मदत करा" असं मोघम नाही तर "एक सायकल ५,८०० ला पडते, अर्धी देतोस का?" असं विचारायचं. फरक बघा, पहिल्या आठवड्यात अकरा सायकली. काहींनी किलोमीटरला दहा रुपये कबूल केले, त्यांना रोज संध्याकाळी आकडा पाठवायचो, त्यातल्या एका मामांनी शेवटी "अजून थोडं फिरा की गोव्यात" असं लिहून राउंड फिगर केली.

माझी जाऊ म्हणाली होती, "एवढा खर्च करून जाताय, तेच पैसे द्या की मुलींना." बरोबरच आहे तिचं, माझ्याकडं चांगलं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. एवढंच की नुसतं मागितलं असतं तर ३१ झाल्या नसत्या. म्हणून एक नियम पाळला, राहणं-खाणं-टेम्पो सगळं स्वतःच्या खिशातून, जमलेल्या पैशातला रुपयाही राईडवर नाही, आणि हे पहिल्या मेसेजमध्येच लिहून टाकलं. तुम्हीही लिहा.

पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका. आम्ही आधी माझ्या खात्यात घ्यायला लागलो होतो, मैत्रिणीच्या नवऱ्यानं (तो सीए) डोक्याला हात लावला. शाळेमागं एक ट्रस्ट आहे, देणगी थेट तिथं, पावती तिथून. ८०जी ची (देणगीवरची इन्कम टॅक्सची) सवलत हवी असेल तर ट्रस्टकडं ते रजिस्ट्रेशन आहे का आधी विचारा, २,००० च्या वर रोख दिली तर सवलत मिळत नाही, आणि नवीन टॅक्स रिजीममध्ये तर तशीही नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर मार्चमध्ये फोन येतात. अमेरिकेतल्या माझ्या चुलतभावाला द्यायचे होते, तो आता तिकडचा नागरिक आहे, म्हणजे ती परदेशी देणगी झाली आणि ट्रस्टचं एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालचं) रजिस्ट्रेशन नाही, सबब घेता येत नाही. बिचारा खट्टू झाला. ज्यांच्याकडं भारतीय पासपोर्ट आहे ते बाहेर राहत असले तरी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतात, तो अडसर नाही. ट्रस्टवाल्यांना विचारून घ्या, अंदाजानं काही करू नका.

येताना सायकली आणि आम्ही टेम्पोनं आलो, सायकलींच्या मधे जुन्या गाद्या घालून, तरी काकांच्या मडगार्डला पोचा आलाच. थिवी किंवा मडगावहून रेल्वेनं पार्सल करता येतं, पण वेळ हातात ठेवा.

जानेवारीत सायकली द्यायला गेलो शाळेत. ३१ सायकली ओळीनं उभ्या, दुकानदारानं सगळ्या सीट एकाच उंचीला लावून पाठवलेल्या, आणि मुली कोणी साडेचार फूट तर कोणी माझ्याहून उंच. भाषणं चालू असतानाच काका मागं जाऊन सीट खालीवर करायला बसले, मग आम्ही सगळेच. पाना एकच होता, दोन तास गेले. तुम्ही असं काही करणार असाल तर पाने तीन-चार न्या.