सेंट लुईस १९०४: जागतिक प्रदर्शनातलं काय उरलंय आणि ते कसं बघावं

अमेरिकेतल्या सेंट लुईसला जाणारी आपली बरीच मंडळी गेटवे आर्च ही प्रचंड कमान बघतात, मिसिसिपीच्या काठी फोटो काढतात आणि लगेच शिकागोची वाट धरतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की कमानीला अर्धा दिवस पुरतो, बाकीचा वेळ फॉरेस्ट पार्क या शहरातल्या मोठ्या उद्यानासाठी ठेवा. १९०४ चं जागतिक प्रदर्शन इथेच भरलं होतं. अमेरिकेने १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा प्रचंड मुलूख विकत घेतला, त्याची ही शताब्दी; तयारी लांबली म्हणून एक वर्ष उशिरा साजरी झाली. बाराशेहून जास्त एकरांचा पसारा, ३० एप्रिल ते १ डिसेंबर असा काळ आणि प्रवेशाच्या नोंदी जवळपास दोन कोटी.

एवढं सगळं गेलं कुठे, हा प्रश्न तिथे पाऊल टाकताच पडतो. ते भव्य महाल दगडी नव्हतेच. लाकडी सांगाड्यावर प्लास्टर आणि तागासारखे धागे यांचं मिश्रण थापून ते उभे केले होते. काही महिने टिकले की काम झालं, अशी योजना. प्रदर्शन संपताच सगळं पाडलं. शिकागोहून आणलेलं फेरिसचं मूळ अजस्र चक्र, म्हणजे जत्रेतल्यासारखा उभा फिरता पाळणा, १९०६ मध्ये सुरुंग लावून उडवलं.

म्हणून सुरुवात मिझुरी हिस्ट्री म्युझियमपासून करा. विमानतळावरून मेट्रोलिंक या शहरी रेल्वेची रेड लाइन थेट फॉरेस्ट पार्क–डिबालिव्हियर स्टेशनला येते, तिथून म्युझियम चालत पाच-दहा मिनिटांवर. ही इमारत प्रदर्शनाच्या नफ्यातून, त्याच्या मुख्य प्रवेशद्वाराच्या जागी १९१३ मध्ये बांधली. प्रदर्शनाबद्दलचं दालन आत आहे आणि ते २०२४ मध्ये नव्याने मांडलंय. तिथलं मोठं मॉडेल नीट बघून घ्या. बाहेर गवतावर चालताना कुठे काय होतं, हे त्याशिवाय डोळ्यांपुढे येत नाही.

मग पार्कातून ग्रँड बेसिनकडे चाला. पाण्याच्या या टोकाला उभं राहिलं की समोर आर्ट हिल चढत जाते आणि माथ्यावर आर्ट म्युझियम दिसतं. १९०४ मध्ये मात्र ते इथून दिसत नसे. त्याच्यापुढे फेस्टिव्हल हॉल होता आणि त्याच्या पायथ्यापासून धबधबे खाली बेसिनमध्ये कोसळत. वास्तुविशारद कॅस गिल्बर्टने आखलेलं हे आर्ट म्युझियम तेवढं पक्कं बांधलं, कारण देशोदेशीची उसनी आणलेली चित्रं आगीपासून सांभाळायची होती. दारावर ‘कलेला अर्पण, सर्वांना विनामूल्य’ या अर्थाची ओळ कोरली आहे आणि आजही तिकीट नाही. शहर आणि काउंटीच्या मतदारांनी १९७१ मध्ये म्युझियम आणि प्राणिसंग्रहालयासाठी मालमत्ता कर मंजूर केला, तो अजून भरला जातो. प्रदर्शनाच्या वारशापैकी मला सगळ्यात मोलाची वाटली ती ही सवय.

टेकडीमागे उतरलं की प्राणिसंग्रहालय. तिथला पक्ष्यांचा पिंजरा चुकवू नका. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेने खास प्रदर्शनासाठी उभारलेला, २२८ फूट लांब, ८४ फूट रुंद, ५० फूट उंच. आपण आतून चालतो. डोक्यावर पोलादी कमानी आणि जाळी, खाली दलदल, सायप्रसची झाडं, हाताच्या अंतरावर बगळे. पिंजरा वॉशिंग्टनला जायचा होता, पण शहराने तो ३,५०० डॉलरना विकत घेतला आणि त्याच्याभोवती हे प्राणिसंग्रहालय वाढलं.

आता या जागेची दुसरी बाजू. इथे माणसंही मांडली होती. अमेरिकेने नुकत्याच ताब्यात घेतलेल्या फिलिपिन्समधून हजाराहून अधिक लोक आणून ४७ एकरांत वसवले होते. त्यांतल्या इगोरोत या डोंगरी जमातीच्या लोकांचा कुत्रा मारून खाण्याचा प्रसंगोपात विधी प्रेक्षकांसाठी पुन्हापुन्हा करवला गेला. अमेरिकेतल्या मूळ रहिवासी अपाची जमातीचा नेता जेरोनिमो युद्धकैदी असताना इथे स्वतःचे फोटो विकत बसे. काँगोतून आणलेल्या ओटा बेंगाला दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात माकडांच्या घरात ठेवलं. १९१६ मध्ये त्याने आत्महत्या केली. फिलिपिनो वस्तीची जागा पार्कच्या पश्चिमेला, आजच्या डीमन परिसरात आणि आसपास होती. आज तिथे शांत रस्ते आणि टुमदार घरं आहेत. हिस्ट्री म्युझियमचं दालन आधी बघितलं असेल तरच या गल्ल्यांतून चालण्याला अर्थ आहे, आणि माझ्या मते ते चालणं टाळू नये.

दुसऱ्या दिवशी ब्लू लाइनने स्किंकर स्टेशनला उतरा. वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचा ब्रुकिंग्ज हॉल हे प्रदर्शनाचं कार्यालय होतं. पलीकडे फ्रान्सिस फील्ड, १९०४ च्या ऑलिंपिकचं मैदान. त्या उन्हाधुळीतल्या मॅरेथॉनमध्ये ३२ जण धावले, १४ पोहोचले. नववा आलेला दक्षिण आफ्रिकेचा लेन टाउ प्रदर्शनातल्या बोअर युद्धाच्या (दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि डच वंशाचे बोअर यांच्यात झालेल्या) खेळात काम करायला आला होता.

आइस्ड टी इथेच जन्मला, असं गाइड सांगतील. भारतीय चहाचा प्रचारक रिचर्ड ब्लेचिंडेनने इथे थंड चहा पाजला हे खरं, पण थंड चहाच्या पाककृती १८७० च्या दशकातच छापल्या गेल्या होत्या.

एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बरा. जुलै-ऑगस्टचा दमट उकाडा आपल्यालाही सोसत नाही. सोमवार टाळा, दोन्ही म्युझियम बंद असतात. आई-बाबा सोबत असतील तर आर्ट हिल पायी चढवू नका, गाडी थेट आर्ट म्युझियमपाशी न्या. प्राणिसंग्रहालयाचा प्रवेश फुकट असला तरी त्यांच्या पार्किंगला पैसे पडतात, त्यामुळे गाडी पार्कातल्या रस्त्यावर लावा आणि चालत आत जा.