कर्जत-खोपोली लाइन: मधल्या स्टेशनांवर उतरायचा विचार असेल तर आधी हे वाचा

"खोपोली लाइनवर दर तासाला गाडी आहे, कुठल्याही स्टेशनला उतरा, फिरा आणि पुढची पकडा" असं एका व्हिडिओत ऐकून आम्ही दोघं पावसाळ्यातल्या रविवारी निघालो. हे साफ खोटं आहे. दुपारी मधेच एवढा मोठा गॅप पडतो की तुमचा सगळा प्लॅन कोलमडतो. कर्जतपुढे खोपोलीपर्यंतचे साधारण 15 किलोमीटर एकेरी लाइन आहे, बहुतेक वेळा पुढे गेलेली गाडीच फिरून परत येते, त्यामुळे एक चुकली की लगेच मागून दुसरी येईल हे मुंबईचं गणित इथे चालत नाही.

कर्जतपर्यंत काही सांगण्यासारखं नाही. इंडिकेटरवर एस असेल तर गाडी कर्जतलाच संपते, पुढे शटल. सीएसएमटीहून थेट खोपोली गाड्या मोजक्याच आहेत, मिळाली तर तीच घ्या, आणि कर्जतला बदलायची असेल तर शटल कुठल्या प्लॅटफॉर्मला लागते ते उतरल्या उतरल्या विचारा, पुलावर उभं राहून चर्चा करू नका. पळसदरी मस्त आहे, घाट चढून पुण्याकडे जाणारी लाइन इथूनच वेगळी होते. पुढे केळवली, डोळवली, लौजी, खोपोली.

आम्ही उतरलो डोळवलीला आणि तिथेच दिवस बिघडला. भातखाचरं, मागे डोंगर, हिरवंगार, सगळं खरं आहे, पण ते बघून अर्ध्या तासात होतं. नंतर काय? छप्पर प्लॅटफॉर्मच्या तुकड्यावरच, पाऊस तिरका यायला लागल्यावर त्याखालीही भिजलो, चहा नाही, आणि फोनमधलं टाईमटेबल रविवारचं नव्हतंच. करटुल्यांची पाटी घेऊन एक मावशी चालल्या होत्या, त्या म्हणाल्या, "दुपारची गेली रे दादा, आता बसा नायतर रोडला जा." आम्ही रोडला गेलो. पायवाट पावसाने पार उखडलेली, बांधावर पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत, बूट ओढून काढताना दर वेळी पच्चकन आवाज, आणि कर्जत-खोपोली रोडला पोचल्यावर सहा सीटर एकामागून एक भरून जातायत, थांबतच नाहीत. रुळावरून चालत पुढच्या स्टेशनला जायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, वळणावर गाडी दिसत नाही आणि पावसात आवाजही येत नाही.

माझं स्पष्ट मत, परतीच्या गाडीची वेळ हातात नसेल तर केळवली, डोळवली, लौजी या तिन्हींना उतरू नका. पळसदरीला उतरा किंवा सरळ शेवटपर्यंत जा.

खोपोलीत दुसरा त्रास रिक्षाचा. महडचा वरदविनायक स्टेशनपासून पाच-सहा किलोमीटर, अष्टविनायकातला असल्यामुळे येणारा माणूस बाहेरचा आहे हे रिक्षावाल्याला लांबूनच कळतं. आम्हाला पहिल्याने तीनशे सांगितले, एका बाजूचे! स्टेशनच्या दारातून बाजूला होऊन बाजाराकडे चालत गेलो तर तेच अंतर दीडशेत ठरलं. दारातल्या रिक्षात बसायचंच नाही, एवढं लक्षात ठेवा. झेनिथ धबधब्याला जाणार असाल तर बंदीचा आदेश आहे का ते आधी बघा, ओढा अचानक वाढतो, माणसांचे जीव गेलेत तिथे.

एवढं सगळं होऊनही खोपोली स्टेशनवर मी खूप खूष होतो. ही लाइन 1856 ची आहे, भारतात पहिली गाडी धावली त्यानंतर तीनच वर्षांनी. तेव्हा घाटात रूळ नव्हते, लोक इथे उतरून पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून खंडाळ्याला चढायचे आणि 1858 पासून तिथून पुण्याची गाडी धरायचे. 1863 ला बोरघाटाची लाइन सुरू झाली, मेन लाइन पळसदरीवरून वर गेली आणि खोपोली बाजूला राहिली. रूळ जिथे संपतात तिथे उभं राहून समोरचा तो उभा डोंगर बघा, पालखीतली माणसं इथून चढत होती हे डोळ्यासमोर आलं की अंगावर काटा येतो. आमच्या डब्यातल्या कुणालाच हे माहीत नव्हतं, आणि स्टेशनवर मोठा बोर्ड लावायलाच पाहिजे याचा असं मला मनापासून वाटतं.

परतताना काहीही करून खोपोलीहूनच बसून निघा, थेट गाडी असेल तर तिच्यासाठी तासभर थांबायला लागलं तरी थांबा. पावसाळ्यात रविवारी संध्याकाळी कर्जतला ट्रेकवाल्यांची एवढी गर्दी असते की सॅक पुढे घेऊन कल्याणपर्यंत एका पायावर जावं लागतं. सुका टीशर्ट प्लास्टिकच्या पिशवीत, खाणं घरचं, रिटर्न तिकीट निघतानाच काढलेलं, आणि टाईमटेबल रविवारचं वेगळं बघून कागदावर लिहून घेतलेलं, कारण फोन भिजला की तो कागदच कामाला येतो.