निंदणीच्या दिवशी खाली ठेवलेला विळा

नागपुरात गोरेवाड्याच्या बाजूला एका मुरमाड उतारावर आम्ही गेल्या पावसाळ्यात मोह, बेहडा, ऐन आणि बिजा यांची रोपे लावली होती. यंदा भाद्रपदात निंदणीसाठी गेलो, तेव्हा कमरेइतक्या तरोट्यात आणि रानतुळशीत रोपे दिसतच नव्हती. खड्ड्याशी रोवलेली बांबूची काडी तेवढी खूण होती. रानतुळस फुलावर येत होती. बी झडण्याआधी ती काढायची, या घाईत मी बायांना ओळीने सारे साफ करायला सांगितले.

अर्ध्या तासाने एका वयस्क बाईंनी विळा खाली ठेवला. "भाऊ, हे निंदण नोहे, तेंदू आहे," त्या म्हणाल्या. दोन ओळींच्या मधे तेंदूचे फुटवे होते, आणि मागे वळून पाहिले तर साफ झालेल्या पट्ट्यात पळसाचे आणि तेंदूचे अकरा फुटवे बुडापासून कापले गेले होते. जुन्या जंगलाची मुळे जमिनीत जिवंत होती. आमच्या रोपांहून अधिक भरवशाची ती झाडे मीच कापायला लावली होती. ती पुन्हा फुटतील, पण त्यांची एका पावसाळ्याची वाढ गेली, याचे मला फार वाईट वाटले.

मग काम बदलले. रोपाभोवती अर्ध्या मीटरपर्यंतचेच तण मुळासकट काढायचे, कारण पाऊस थांबून ऑक्टोबरचे ऊन तापले की वरच्या थरातली ओल गवत आणि कोवळे रोप दोघेही ओढतात. बी न धरलेले गवत आळ्यात आच्छादन म्हणून पसरायचे, रानतुळस सगळीकडून उपटायची, आणि ओळींमधले गवत माती धरून ठेवते म्हणून राहू द्यायचे. घाणेरी मात्र विळ्याने छाटून भागत नाही, ती आणखी दाट फुटते. म्हणून कुदळीने जमिनीखाली 3 ते 5 सेंटीमीटरवर मूळ तोडून झुडूप उलटे ठेवले. बुलबुल तिची फळे खाऊन बी झाडांखाली टाकतात, त्यामुळे ही फेरी पुढेही काही वर्षे करावीच लागेल.

संध्याकाळपर्यंत निम्माच उतार झाला. उरलेल्या फुटव्यांना खूण करताना बांबूच्या काड्या संपल्या, म्हणून मी घाणेरीची तोडलेली फांदी रोवायला घेतली, तर त्याच बाईंनी माझा हात धरला. ओल्या मातीत तीही मूळ धरते. शेवटी आम्ही फुटव्यांना सुतळी बांधली.