माझ्या पानात काय वाढाल?

अविधवा नवमी, रात्री साडेदहा

आज तासगावला दादाकडे आईचं जेवण होतं. तांदळाची खीर, वडे, गवार, भोपळा, कढी, आमसुलाची चटणी. सगळ्यांच्याच पानात वाढतात ते. वहिनीने सहज विचारलं, "वन्सं, आत्यांना काय आवडायचं हो? तेवढं करून ठेवते." आम्ही भावंडं एकमेकांची तोंडं बघत बसलो. दादा म्हणाला, पुरणपोळी. म्हटलं, ती तुला आवडते, म्हणून ती करायची.

शेवटी मावशी खुर्चीतून बोलली. "तुमच्या आईला भजी लागायची, कांद्याची. तीसुद्धा कढईपाशी उभ्या-उभ्या. ताटात वाढलेली नाही."

मग मलाही आठवलं. 'मीठ बघते' म्हणत पहिल्या घाण्यातली दोन भजी तोंडात जायची. जीभ पोळली की पदराने वारा, आणि झारा परत कढईत. आम्ही मात्र जन्मभर सांगत आलो, आमची आई सगळ्यात शेवटी जेवायची. जेवायची शेवटीच, खोटं नाही. पण आधी दोन भजी हाणून मग जेवायची, हे कुणी सांगितलंच नाही.

वहिनीने लगेच बेसन भिजवलं. कावळा भजी ठेवल्यावर आला की आधीच कठड्यावर येऊन बसला होता, यावर दादाचा आणि त्याच्या पोराचा वाद अजून चालू असेल.

येताना एसटीत हेच डोक्यात. पेपरातल्या पुण्यस्मरणाच्या चौकटी मी रोज वाचते (वय झालं, दुसरं काय). तिथली प्रत्येक आई सारखीच: कष्ट, त्याग, माया. फोटो बदलला तरी मजकूर तोच चालेल. माझ्या वाट्याला तसली चौकट नको. सोसलं ते सोसलं, त्याची आरती कशाला ओवाळायची?

आमच्या पोरांचं आत्तापासूनच सुरू झालंय. 2019 चा सांगलीतला पूर. ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. गावभागातलं आमचं घर पाण्यात. धाकटी पुण्यात मैत्रिणींना सांगते, आईने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. बरोबर आहे, पण आम्ही तिकडे विश्रामबागला नणंदेच्या घरी काय करत होतो, ते तिला कुठे ठाऊक? लाइट नाही, फोन लागत नाहीत, येणारा-जाणारा प्रत्येक जण "आयर्विनला किती?" एवढंच विचारायचा, कोयनेतून किती सोडलं त्याच्या अफवा वेगळ्याच. आणि आम्ही बायका मेणबत्ती लावून मेंढीकोट खेळत होतो. नणंदेवर कोट चढवला त्या रात्री मी एवढी हसले, की यांना वाटलं बाईचं डोकं फिरलं. पाणी उतरल्यावर चिखल उपसताना रडलेही. पण पोरांनी पूर सांगताना पत्तेसुद्धा सांगावेत.

आणि नाटकं. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये मराठी नाटकाचा खेळ याच गावात केला, हे सांगलीच्या पोराला बाराखडीबरोबरच कळतं. भावे नाट्यमंदिरात प्रयोग असला की आमच्याकडे रात्री खिचडी. कुणी कितीही कुरकुर करो, खिचडीच. मध्यंतरात बटाटेवडा, आणि दुसरा अंक पडला तर तसं तिथेच, चार माणसांना ऐकू जाईल असं बोलून दाखवायचं. हे चुळबुळ करायचे. धाकटीला ते नीट आठवतंय, शेजारी तीच बसलेली असायची. "आई, हळू!" म्हणत माझा दंड दाबायची. असली आई तिने आठवावी, मला चालेल. माझ्या मते नाटक बघायचं ते मत द्यायलाच.

मघाशी तिला फोन केला, आजचं सगळं सांगितलं.

"म्हणून म्हणते, माझं आत्ताच लिहून घे. खीर नको. भडंग, लसूण जास्त, वर कच्चा कांदा आणि कपभर चहा. साखरेचा."

"काहीतरीच काय बोलतेस गं! आणि कावळा चहा पितो का?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "गोड काहीच नको?"

"मूठभर बेदाणे ठेव, हिरवे. पिवळे नकोत."

"बरं," म्हणाली, आणि खरंच कागद शोधत असल्यासारखी खुडबुड ऐकू आली. नाटकीपणा माझ्याकडूनच घेतलाय.

थोरल्याला सांगून मात्र उपयोग नाही. लहानपणी त्याने कारलं खावं म्हणून मी त्याच्यासमोर मिटक्या मारत खायची. ते त्याच्या डोक्यात जे बसलंय ते बसलंय. मंडईत गेला की कारली आणतो आणि सुनेला सांगतो, आईला फार आवडतात. आत्ताही फ्रीजमध्ये अर्धा किलो पडलीयत.