पीएचडीच्या फाईलला सॉफ्टवेअरचं बिल जोडा म्हणे! (माझा अनुभव)

जिल्हा सांगत नाही. जिल्हा सांगितला की विद्यापीठ ओळखू येतं आणि डिग्रीचं सर्टिफिकेट अजून माझ्या हातात यायचंय. एवढं सांगतो की विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) मॅथ्स शिकवतो, पीएचडी ग्राफ थिअरीत केली, व्हायवा झाला, नोटिफिकेशन पण निघालं. पण थीसिस सबमिट करताना एका टेबलावर जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहून ठेवतोय, ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो असं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कोणाच्या तरी कामी पडेल.

पेट (प्रवेश परीक्षा), कोर्सवर्क, आरआरसी (विषयाला मान्यता देणारी समिती), सहा-सहा महिन्यांचे प्रोग्रेस रिपोर्ट, प्लेजरिझम, हे जसं सगळ्यांचं होतं तसं माझं झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

विषय ग्राफ लेबलिंग. ग्राफ म्हणजे ठिपके (व्हर्टेक्स) आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा (एज). झाडासारखा, म्हणजे सगळा जोडलेला पण कुठेही फिरून परत न येणारा ग्राफ घ्यायचा, त्याच्या व्हर्टेक्सना ०, १, २ असे वेगवेगळे आकडे द्यायचे, आणि प्रत्येक एजच्या दोन टोकांमधला फरक काढला तर तो कुठेच रिपीट व्हायला नको. n व्हर्टेक्स असले तर आकडे ० ते n−१ आणि फरक १ पासून n−१ पर्यंत एकेकदाच आला पाहिजे. प्रत्येक झाडाला असं लेबलिंग जमतं का, हा प्रश्न १९६० च्या दशकापासून पडून आहे, सिद्ध कोणी केलेलं नाही, कॉम्प्युटरवर ३५ व्हर्टेक्सपर्यंतची सगळी झाडं तपासून झाली आहेत. मी काही तो प्रश्न सोडवला नाही हो, मी झाडांच्या एक-दोन खास प्रकारांवर काम केलं, पण त्यातही उदाहरणं हातानं तपासणं शक्यच नव्हतं. १० व्हर्टेक्सची वेगवेगळी झाडं होतात १०६, आणि १५ ची होतात ७७४१. आता बसा वही घेऊन.

म्हणून सॉफ्टवेअर लागलं. आधी विकतचंच बघितलं, कारण गाईड सरांना तेच माहीत होतं. कॉलेजमार्फत घ्यायचं तर तीन कोटेशन, मग परचेस कमिटी, मग "निधी उपलब्ध नाही". स्टुडंट लायसन्स स्वस्तात मिळतं पण त्याला संस्थेच्या डोमेनचा ईमेल आयडी लागतो आणि आमच्या कॉलेजचा ऑफिशियल ईमेल जीमेलवर आहे. ट्रायल घेतलं, तर ते लायसन्स तपासायला नेट मागायचं. रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली की आमच्याकडे नेट जातं ते कधी येईल ते जेसीबीवाल्यालाच माहीत. लॅपटॉप माझा, गणित माझं, आणि बेरीज करायला परवानगी तिकडून यायची.

मग सेजमॅथ या गणिताच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर आलो. विल्यम स्टाइन नावाच्या गणितज्ञानं २००५ मध्ये सुरू केलेलं, पायथॉनवर चालतं, आणि आतमध्ये आधीपासून लोकांनी बनवलेली बरीच सॉफ्टवेअर्स जोडलेली आहेत, ग्रुप थिअरीसाठी जर्मनीत सुरू झालेलं गॅप, नंबर थिअरीसाठी फ्रान्समधलं पारी वगैरे. एकदा इन्स्टॉल झालं की नेट असो नसो, फक्त लाइन पाहिजे, आणि लाइनसाठी इन्व्हर्टर आहे. डाउनलोड काही जीबीचं आहे, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करू नका, जिल्ह्याच्या गावी कोणाकडे वायफाय असेल तिथे जाऊन करा. लॅपटॉपच नसेल तर सेजसेल म्हणून ब्राउझरमध्ये चालणारं आहे, मोबाईलवर पण चालतं, माझ्या बीएस्सीच्या पोरी त्यावरच करतात.

आता त्या टेबलावर येतो.

थीसिस सबमिट करताना चेकलिस्ट असते. गाईडचं सर्टिफिकेट, डिक्लेरेशन, फीची पावती, नो ड्यूज, सगळं होतं. शेवटून दुसरा का तिसरा कॉलम: "संशोधनात संगणक प्रणाली वापरली असल्यास परवान्याची प्रत व खरेदी पावती." मी तिथे सरळ लिहिलं, सेजमॅथ, मुक्त स्रोत, निःशुल्क. टेबलावरच्या भाऊनं चष्म्यावरून बघितलं.

"सर, याचं बिल?"

"बिल नाही, फुकट आहे."

"फुकट म्हंजे? क्रॅक हाय का?"

"क्रॅक नाही हो, ओपन सोर्स. कोणीही घेऊ शकते."

"कोणीही घेऊ शकते त मंग तुमचं आहे हे कशावरून?"

बाप्पा, याला काय उत्तर देता? मी मोबाईलवर वेबसाईट काढून दाखवली. त्यांनी मोबाईल हातात पण घेतला नाही. कॉलममध्ये दोन गोष्टी लिहिल्या आहेत, दोन्ही लागते, एवढंच. फाईल परत, सोबत त्रुटी पत्र: "संगणक प्रणालीच्या खरेदीची पावती जोडलेली नाही, पूर्तता करावी." जी वस्तू विकतच नाहीत तिच्या खरेदीची पावती!

पुढच्या खेपेला गाईड सरांचं पत्र नेलं. सरांच्या पत्राला मान आहे पण ते बिल नाही. मग २०१५ चं भारत सरकारचं धोरण प्रिंट करून नेलं, ज्यात सरकारी कार्यालयांनी प्रणाली घेताना ओपन सोर्सला प्राधान्य द्यावं असं स्पष्ट आहे. भाऊनं ते वाचलं, खरंच वाचलं, आणि म्हणाले, "हे केंद्राचं हाय सर, ऑफिसच्या सिस्टीमचं हाय. थीसिसचं कुठं हाय यात?" काय बोलता, मुद्दा बरोबर होता त्यांचा. मग म्हणे स्टॅम्पवर अॅफिडेव्हिट करा. तहसीलच्या सेतूवाल्याला मजकूर सांगता सांगता माझीच दमछाक, त्याच्या कॉम्प्युटरवर जातीचं, उत्पन्नाचं, नॉन क्रिमिलेयरचं सगळं तयार, पण "मी वापरलेली प्रणाली चोरीची नाही" याचा फॉर्मॅट नाही. केलं कसंबसं. नेलं तर भाऊ रजेवर. आले तर साहेब नागपूरला मीटिंगला. साहेब आले तर म्हणे अॅफिडेव्हिट ठीक आहे पण ते पावतीच्या ऐवजी चालते असं कुठं लिहिलं आहे?

आणि खरी चीड आली ती यानंतर. जेवणाच्या सुट्टीत भाऊ हळूच म्हणाले, "सर, काहून एवढ्या चकरा मारता? तुमच्या कॉलेजात कोणत्या ना कोणत्या सॉफ्टवेअरचं बिल असनच. त्याची झेरॉक्स लावून द्या ना. कोण पाहते?" मनापासून सांगत होते, माणूस वाईट नव्हता. कॉलेजात बिल होतं ते फीचा हिशोब ठेवायच्या सॉफ्टवेअरचं. म्हणजे ग्राफ थिअरीच्या थीसिसला अकाउंटचं बिल जोडलं असतं तर फाईल त्याच दिवशी आत. आणि मला चांगलं माहीत आहे की बाहेर बाकावर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांकडे क्रॅकच आहे आणि त्यांनी हेच केलंय. मी नाही म्हटलं. गाडी सुटली ती सुटली, शेवटची एसटी गेली, फाट्यापर्यंत काळीपिवळीत आलो.

फाट्यावर उभं राहून डोक्यात एकच चाललं होतं. गणितात दुसऱ्याला तपासता येत नाही ते सिद्ध झालं असं आपण मानतच नाही. फोर कलर थिअरम घ्या, म्हणजे कोणताही नकाशा चार रंगांत असा रंगवता येतो की शेजारशेजारचे भाग एका रंगाचे येत नाहीत. १९७६ मध्ये अॅपल आणि हाकेन यांनी कॉम्प्युटर लावून सोडवलं तेव्हा लोकांची तक्रार हीच होती की एवढं तपासायचं कोणी आणि कसं. १९९७ मध्ये चौघांनी परत केलं, ६३३ आकृत्यांवर आणलं, आणि आपला प्रोग्राम, डेटा सगळा कोणालाही घेता येईल असा ठेवला. उलट बाजू पण आहे. २०१४ मध्ये स्पेनच्या तीन गणितज्ञांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या मासिकात लिहिलं की एका नावाजलेल्या विकतच्या सॉफ्टवेअरला त्यांनी मोठ्या पूर्णांकांच्या मॅट्रिक्सचं (आकड्यांच्या चौकटीचं) डिटरमिनंट, म्हणजे त्यातून निघणारा एक ठरलेला आकडा विचारला, तर तेच मॅट्रिक्स परत दिलं की उत्तर वेगळं! आत काय बिघडलंय ते त्यांना बघता येत नव्हतं, कंपनीला कळवायचं आणि वाट पाहायची. सेजमध्ये बग नसतात असं मी म्हणत नाही, भरपूर असतात, पण त्यांची यादी उघडी आहे आणि कोड पण, ज्याला कळतं तो आत शिरून बघू शकतो. आणि आमच्या चेकलिस्टला हवी होती खरेदी पावती. ते स्पेनवाल्यांचं सॉफ्टवेअर आमच्याकडे आलं असतं तर बिलासकट पास झालं असतं.

शेवटी काम झालं ते "परवान्याची प्रत" या शब्दांवर. घरी परत चेकलिस्ट वाचली तेव्हा लक्षात आलं की आपण पावतीच्या मागे लागलोय, पण लायसन्स तर आहेच की! सेजमॅथ जीपीएल नावाच्या ओपन सोर्स लायसन्सखाली येतं. जीपीएलची तिसरी आवृत्ती, २००७ ची, दहा-बारा पानं होतात, पूर्ण प्रिंट काढली, कलम २ वर पिवळा हायलायटर मारला कारण तिथे लिहिलंय की मूळ प्रोग्राम चालवायला तुम्हाला अमर्याद परवानगी आहे. प्रत्येक पानावर सेल्फ अटेस्टेड. पावतीच्या जागी प्राचार्यांच्या लेटरहेडवर पत्र: "सदर प्रणालीचे खरेदी मूल्य रु. ०/- (अक्षरी शून्य रुपये फक्त)." सही, शिक्का, जावक क्रमांक. आणि टेबलावर न देता थेट उपकुलसचिवांकडे गेलो. त्यांनी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात "लायसन्स" बघितलं, शेवटचं पत्र बघितलं, भाऊंना बोलावलं, "लायसन्स हाय, रक्कम हाय, शिक्का हाय. अजून काय पाहिजे?" आणि हिरव्या पेननं शेरा मारला. संपलं. धोरण, अॅफिडेव्हिट, गाईडचं पत्र यापैकी काहीही लागलं नाही, शून्य रुपये अक्षरी लिहिलेले चालले.

म्हणून सांगतो, हे पत्र सिनॉप्सिसच्या वेळीच प्राचार्यांकडून करून घ्या, नंतर प्राचार्य बदलतात. जीपीएलची प्रिंट ऑफिसला समजत नसली तरी जाड दिसते, तिचा उपयोग होतो. प्रत्येक कागदाची ओसी (ऑफिस कॉपी) स्वतःजवळ ठेवा, तिच्यावर आवकचा शिक्का मारून घ्या. थीसिसमध्ये सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्तीचा नंबर दोन्ही लिहा, आवृत्ती बदलली की कधीकधी कमांडही बदलतात. सेजमॅथ कसं साइट करायचं ते त्यांच्याच साईटवर दिलंय. शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा, पायथॉन, लाटेक (गणित टाइप करायचं), सायलॅब (आकडेमोडीचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) यांचे आहेत, काही मराठीत पण आहेत.

बाहेरचे एक्झामिनर दुसऱ्या राज्यातले होते. व्हायवाला म्हणाले, तुमचा कोड माझ्या लॅपटॉपवर चालवून बघितला, १५ व्हर्टेक्सची झाडं ७७४१ बरोबर येतात, मग तुमच्या थीसिसमधलं आकड्यांचं टेबल पण तपासलं. मला त्या टेबलावरच्या भाऊंना तिथे बसवावंसं वाटलं.

मध्यंतरी भाऊंचा फोन आला होता. "सर, तुमचं ते शून्य रुपयावालं पत्र व्हॉट्सअॅप करा ना, इथं एक मॅडम सायलॅब घेऊन येऊन बसून रायल्या." वर्डची फाईल पाठवली.

आणि हो, थीसिस सीडीवर पण द्यावी लागते आणि आता कोणत्याच लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो. लग्नाची शूटिंग करणाऱ्या स्टुडिओत राइट करून मिळते, कोड पण त्याच सीडीत टाका. फक्त लग्नसराईत जाऊ नका, तो उभंही करत नाही.